दिवेलागणीचा निळा पडदा

सोमवार, ७ सप्टेंबर १९९८

आज मशीन आलं. पितृपंधरवडाही आजच लागला. शेजारच्या गोदूबाई दारात उभ्या राहून म्हणाल्या, "अगं हेमा, या दिवसांत नवी वस्तू घरात आणतं का कुणी? पितर येऊन तिच्यावरच बसतात." म्हटलं, बसू देत की. आईला नव्या वस्तूंची भारी हौस होती. ती गेल्यापासून या घरात नवं असं आलंय तरी काय!

वही नवी आहे, म्हणून एकदा नीट लिहून ठेवते. आमचा छापखाना कोपरला, खाडीकडे उतरणाऱ्या रस्त्यावर. पुढे गाळा, मागे दोन खोल्या, राहणारे आम्ही दोघं, अण्णा आणि मी. अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, जन्मभर शिशाच्या अक्षरांचे खिळे एकेक करून जुळवले आणि पायाने मशीन मारून छापलं. गेल्या वर्षी ते मशीन आणि सगळे खिळे भंगारात गेले, कारण तसं छापून घ्यायला आता कुत्रंही येत नाही. अण्णा तेव्हा टेम्पोमागे नाक्यापर्यंत चालत गेले आणि परत आले.

आता कॉम्प्युटरवर मजकूर जुळवायचा, बटर पेपरवर काढायचा आणि ऑफसेटवाल्याकडे नेऊन द्यायचा. माझा मोठा भाऊ हरिहर माजिवड्याला राहतो. त्याने या सगळ्याला होकार दिलाय, पण अट घालून. "दिवाळीपर्यंत बघतो, हेमे. चाललं तर उत्तम. नाही चाललं तर गाळा विकायचा आणि अण्णा माझ्याकडे." दादाचं घर उंच इमारतीत, अगदी वरती. अण्णा तिथे राहायला गेले की चपला घालून दाराशी बसून राहतात. गाळा गेला तर अण्णा संपले. हे मला कळतं, दादाला कळत नाही. म्हणून हे मशीन चाललंच पाहिजे, बस्स.

गुरुदत्तने मशीन जोडून दिलं. ठाण्याचा मुलगा, बोलतो भराभरा पण हात सावकाश चालतो. मशीनच्या मागे त्याने काडेपेटीएवढा एक करडा ठोकळा लावला. त्याला लॉक म्हणतात. तो असेल तरच मराठी अक्षरं उमटणार. "जपा हं ताई, हा हरवला तर सगळंच गेलं." अण्णा मशीनभोवती एक फेरी मारून आले आणि मला म्हणाले, "शाई कुठे घालायची?" मी पोट धरून हसले. चहा झाल्यावर पुन्हा तेच विचारलं. थट्टेची लहर आली की अण्णा लवकर थांबत नाहीत.

गुरुवार, १० सप्टेंबर

मानपाड्याच्या एका रंगाच्या कारखान्याची लेबलं करत होते. संध्याकाळपर्यंत हात चांगला बसला. खाडीवरून तो खारट वारा आला, उजेड मऊ झाला, तशी उठले. मागे जाऊन हातपाय धुतले, देवापुढे दिवा लावला, शुभंकरोती म्हटलं. बाहेर येते तो पडदा निळा! निळाशार. वरती पांढऱ्या अक्षरांत इंग्रजी मजकूर आणि आकडे, खाली कसल्याशा नावांची रांग. बटणं दाबून पाहिली, माउस हलवला. ढिम्म.

अण्णा समोरच्या स्टुलावर बसून ते बघत होते, हातात नेहमीचं फडकं. "छान जुळवलंय," म्हणाले. "ओळी कशा सरळ आहेत बघ."

बंद करून पुन्हा चालू केलं, तर काही झालंच नाही अशा थाटात मशीन सुरू. लेबलं मात्र गेली. मेल्या मशीना!

शनिवार, १२ सप्टेंबर

पुन्हा. आणि पुन्हा दिवेलागणीलाच. दिवसभर बापडं गुणाने चालतं, मी दिवा लावून येते आणि हे निळं.

गुरुदत्तला फोन केला. म्हणाला, त्या वेळी घरोघर दिवे लागतात, व्होल्टेज पडत असेल, स्टॅबिलायझर लावा. लावला. आता तो दिवसभर गुणगुणतो आणि अण्णा विचारतात, रेडिओ कुणी लावलाय.

आज पहाटे एक स्वप्न पडलं. खाडीचं पाणी गाळ्यात शिरलंय, निळं आणि स्वच्छ. (आमची खाडी आणि स्वच्छ!) त्यावर पांढरी अक्षरं तरंगतायत. मी ती ओंजळीत गोळा करते, पण त्यांचा शब्दच होत नाही. आई दारात उभी. म्हणते, राहू दे गं, ओढू नकोस, बसतील आपोआप तळाशी. जागी झाले तेव्हा फार बरं वाटत होतं. कूस बदलून पुन्हा तिथेच जायला बघितलं, पण तोवर दूधवाला आला.

सोमवार, १४ सप्टेंबर

आज अविधवा नवमी. आई सवाष्ण गेली म्हणून तिचं श्राद्ध आज. खीर केली, वडे केले, आमसुलाची चटणी केली. कावळाही लवकर शिवला.

पानं घेतली तेव्हा अण्णांनी हळूच विचारलं, "आज कुणाचं आहे?"

"अण्णा!"

"हो, हो. आहे लक्षात." मग थोड्या वेळाने, घास हातात धरून, "तिलाही बोलाव ना. गार होईल सगळं."

मला एकदम भरून आलं. इतकी वर्षं झाली तरी माणूस बायकोला हाक मारल्याशिवाय जेवत नाही. असं प्रेम हल्ली कुणाला जमतं! मी म्हटलं, येईलच ती, तुम्ही सुरुवात करा. तर खरंच जेवले, आणि खीर दोनदा मागून घेतली.

संध्याकाळी दिवा लावून बाहेर आले आणि पडदा निळा. मी आज बंद करायची घाई केली नाही. दुसरं स्टूल ओढलं आणि अण्णांशेजारी बसले. गाळ्यात दुसरा दिवा लावलाच नव्हता. तो निळा उजेड अण्णांच्या चष्म्यात, पांढऱ्या सदऱ्यावर, भिंतीवरच्या आईच्या फोटोच्या काचेवर. रस्त्यावरून कुणीतरी सायकलची घंटी वाजवत गेलं. अण्णा म्हणाले, "भरतीच्या पाण्यावर ऊन पडलं की असंच दिसतं." मला अगदी आतून वाटलं की आई येऊन गेलीय. दिवा लावायची वेळ तिचीच. लिहिताना लाज वाटते, चांगली बीकॉम झालेली बाई मी. पण वाटलं ते वाटलं.

शुक्रवार, १८ सप्टेंबर

प्रयोग केला. कुणाला सांगणार नाही, वहीला सांगते.

बुधवारी दिवा लावलाच नाही. दिवेलागणीला मशीनसमोर ठाण मांडून बसले. अण्णा फडकं घेऊन माझ्यामागे घुटमळत राहिले. "दिवा नाही लावायचा का?" "आज नाही." "मग तू उठणार कधी?" काळोख पडला तरी मी उठले नाही, आणि पडदाही निळा झाला नाही. काल दिवा लावला. झाला निळा! आज लावला नाही. नाही झाला.

म्हणजे दिवा लावला की मशीन बंद पडतं. आता बोला.

मी गुरुदत्तला फोनवर हे सांगितलं तर त्याने सगळं पुन्हा एकदा सांगायला लावलं. मग म्हणाला, "ताई, उद्या दुपारी येतो. निळा पडदा आला तर बंद करू नका, आणि त्यावरचा मजकूर एका कागदावर उतरवून ठेवा." म्हणजे मला आज मुद्दाम दिवा लावावा लागला. उशिरा लावला, देव रागावणार नाही. बाहेर आले तर निळा. आकड्यांसकट सगळं उतरवून घेतलं. अण्णा शेजारी बसून माझ्या रेघा सरळ येतायत का ते बघत होते.

शनिवार, १९ सप्टेंबर

गुरुदत्त आला. आज मला बरंच कळलं आणि ते सुंदर आहे, म्हणून लिहून ठेवते.

पडद्यावर वरच्या ओळीत लिहिलेलं असतं, के-मोड एक्सेप्शन नॉट हँडल्ड. मी विचारलं, म्हणजे काय रे बाबा? तो म्हणाला, "देऊळ डोळ्यांसमोर आणा, ताई. बाहेर सभामंडप, आत गाभारा. तुमचा पत्रिकेचा, लेबलांचा प्रोग्राम मंडपात बसतो. मंडपात कुणाला चक्कर आली तर काय करतात?"

"उचलून बाहेर नेतात."

"आणि कीर्तन चालू राहतं. बरोबर? तसं एक प्रोग्राम बिघडला तर मशीन तेवढाच बाहेर काढतं. पण गाभाऱ्यात मोजकीच माणसं. मशीनचा अगदी आतला भाग आणि त्याचे ड्रायव्हर. ड्रायव्हर म्हणजे प्रिंटरशी बोलणारा एक, कीबोर्डशी बोलणारा एक, असे. त्यांना सगळीकडे हात घालायची मुभा असते. तिथे काही भलतं घडलं तर त्याला एक्सेप्शन म्हणतात. ते सावरायची सोय ड्रायव्हर लिहिणाऱ्याने आधीच करून ठेवायची असते. त्याने केली असेल तर ठीक. नसेल आणि दुसरंही कुणी पुढे आलं नाही, तर मशीन स्वतःच दार लावून घेतं. तो निळा पडदा म्हणजे लावलेलं दार."

"एवढ्यासाठी सगळं बंद? जरा दुर्लक्ष करायचं, पुढे ढकलायचं."

"नाही ना चालत, ताई. आत काय बिघडलंय हे माहीत नसताना पुढे ढकललं, तर चांगल्या फाइलीसुद्धा गुपचूप खराब होत जातात. तुम्हाला कळणारही नाही. महिन्याने बघाल तर काहीच शिल्लक नाही. त्यापेक्षा थांबलेलं बरं. बंद पडणं हा मशीनचा प्रामाणिकपणा आहे."

मला ते फारच आवडलं. माणसांना कुठे जमतं असं!

मग त्याने मी उतरवलेले आकडे घेतले. चूक कुठल्या जागी झाली त्याचा आकडा वरच्या ओळीत असतो, आणि खालच्या रांगेत गाभाऱ्यातल्या प्रत्येकाचं नाव आणि त्याची जागा कुठून सुरू होते ते. दोन्ही ताडून बघायचं. चूक सापडली ती लॉकच्या ड्रायव्हरमध्ये. तो दर थोड्या वेळाने त्या ठोकळ्याला विचारतो, आहेस ना? ठोकळा ठरलेलं उत्तर देतो. त्या क्षणी उत्तर आलं भलतंच. ते खरं मानून हा निघाला एका पत्त्यावर, जिथे कुणी राहतच नाही. आणि घर सापडलं नाही तर काय करायचं, हे लिहिणाऱ्याने लिहिलंच नव्हतं.

"मग भलतं उत्तर का आलं?"

"एकतर लॉक सैल आहे. नाहीतर मशीन चालू असताना कुणीतरी तो काढतंय."

"इथे कोण काढणार? मी आणि अण्णा, दोघंच."

गुरुदत्तने अण्णांकडे बघितलं. ते खिडकीशी बसून फडक्याची घडी घालत होते, उलगडत होते, परत घालत होते. मग त्याने चहा संपवला, पेचकस काढला आणि लॉकचे दोन्ही स्क्रू घट्ट आवळले. "सैलच असेल," म्हणाला. जाताना अण्णांच्या पाया पडला. हल्लीच्या मुलांना काही वळण नाही म्हणतात ते खोटं आहे.

मंगळवार, २२ सप्टेंबर

काल घट बसले. लॉक आवळल्यापासून एकदाही निळं नाही. दिवा लावते, शुभंकरोती म्हणते, बाहेर येते, मशीन आपलं चालू. सुटले एकदाची. खोटं कशाला बोलू, थोडी चुटपुटही लागली. आई यायची थांबली असं वाटलं.

अण्णा मात्र रुसलेत. संध्याकाळ झाली की मशीनच्या मागे जाऊन चाचपडतात, मग माझे खण उपसतात. काय हवंय ते सांगत नाहीत. जेवताना बोलत नाहीत. मला वाटतं त्यांना आता पटलंय की कॉम्प्युटर खरंच चालणार आणि खिळे परत येणार नाहीत. त्याचं दुःख असेल. होईल हळूहळू सवय.

भागीरथी आली होती. खाडीवरची कोळीण, आईच्या वेळेपासून आमच्या दारी मासळी घेऊन येते. धाकट्या मुलीचं, जनीचं, लग्न ठरलंय, तुळशीच्या लग्नानंतरची तारीख. "हेमा गो, हलदीचा टायम मोठ्या अक्षरान टाक. लगनाचा बारीक टाकलास तरी चालल. आमचेकरं मानसा हलदीलाच येतान." मोठं काम आहे. तिचे सगळे पाहुणे ही पत्रिका बघणार, म्हणजे पुढच्या वर्षभराची कामं इथूनच. दादाला फोन करून सांगितलं. तो म्हणाला, "बघू, छापून होऊ दे आधी."

जाताना भागीरथी अण्णांशी बोलत पायरीवर बसली होती. उठली आणि माझ्याकडे नुसतं बघत राहिली. म्हटलं, काय गं? "काय नाय. बापसाला संबाल," म्हणाली आणि टोपली उचलून गेली.

सोमवार, २८ सप्टेंबर

आज मी अण्णांवर ओरडले. कधी नव्हे ते.

पत्रिका पूर्ण जुळली होती. दोन्ही घरच्या आज्या, मामा, आत्या, सगळी नावं, वेलबुट्टी, हळदीची वेळ ठसठशीत. शेवटचं सेव्ह करायचं दिव्यानंतर करू म्हटलं आणि मागे गेले. आले तर निळं. पुन्हा सुरू केलं तर फाइल उघडेना, अर्धी अक्षरं चौकोन झालेली. स्क्रू बघितले तर सैल! आवळलेले स्क्रू आपोआप सैल कसे होतात?

अण्णा म्हणाले, "झालं का काम? निघू या ना घरी?" मी म्हटलं, "घरीच आहात तुम्ही! काही सुचू द्याल का मला?" ते दचकले. लहान मूल दचकतं तसे. मग स्टुलावर जाऊन बसले आणि दोन्ही हात मांडीवर ठेवले.

दादाला काय सांगू? भागीरथीला काय सांगू? मशीन परत करायला दादा एका पायावर तयार आहे. फार थकले आहे.

बुधवार, ३० सप्टेंबर

खंडेनवमी. सकाळी मशीनला हळदकुंकू वाहिलं, झेंडूची माळ घातली. दरवर्षी अण्णा पूजा सांगायचे, आज मध्येच अडले आणि मीच पुढचं म्हटलं.

संध्याकाळी दिवा लावायला मागे गेले. काडेपेटीत काडीच नव्हती. दुसरी पेटी पुढच्या टेबलाच्या खणात, म्हणून तशीच परत आले.

अण्णा मशीनच्या मागे वाकले होते. हातात घावन उलटायचा लहान कालथा. त्याचं टोक स्क्रूत घालून फिरवत होते, इतक्या हलक्या हाताने की आवाजही नव्हता. लॉक निघाला. त्याच क्षणी पडदा निळा झाला, सगळा गाळा निळा झाला, आणि अण्णांनी वरही बघितलं नाही. फडक्याच्या टोकाला रॉकेल लावलेलं होतं, वास इथपर्यंत आला. त्याने ठोकळ्याच्या चारी बाजू पुसल्या. पिनांच्या ओळीवरून अलगद फिरवलं. फुंकर मारली. उजेडाकडे धरून बघितलं, आणि होता तसा परत लावला.

काम झालं की खिळे, ब्लॉक, सगळं रॉकेलने पुसायचं. शाई वाळली की अक्षर बुजतं. पुसल्याशिवाय घरी जायचं नाही. जन्मभर अण्णांचा हाच नेम. माझ्या लहानपणी दिवेलागणीला आई मागे दिवा लावायची आणि पुढे अण्णा पुसत असायचे. इतक्या दिवसांत मला हे कसं सुचलं नाही?

मी हाक मारली. ते वळले आणि हसले, इतके मोकळे हसले की असं हसू मी कित्येक वर्षांत पाहिलं नव्हतं. "झालंच हं, शीला. एवढा एकच ब्लॉक राहिलेला. हेमा शाळेतून आली का?"

शीला माझी आई.

मी म्हटलं, "येईल इतक्यात."

"उशीर करते हल्ली. तिला बोलू नकोस पण. गुणी आहे पोरगी."

मग मागे जाऊन अंधारातच देवापुढे बसले आणि रडले. शाई कुठे घालायची, आज कुणाचं, निघू या ना घरी. थट्टा नव्हती, प्रेम नव्हतं, रुसणं नव्हतं. नाही, प्रेम होतंच. पण मी काय काय नावं दिली त्याला!

शनिवार, ३ ऑक्टोबर

दसरा कसा गेला कळलं नाही.

गुरुदत्तला सांगितलं. तो म्हणाला, "मला त्या दिवशीच शंका आलेली, ताई. पण कसं बोलणार?" त्याने लॉकवाल्या कंपनीला विचारलं होतं. त्यांचं म्हणणं, मशीन चालू असताना लॉक काढायचा नसतो, पुस्तिकेत स्पष्ट लिहिलंय, असं कुणी करतं का? म्हटलं, आमच्याकडे करतात. म्हणाला, "त्यांनी ड्रायव्हर सुधारला तरच होईल. आपल्या हातात नाही. लॉकवर पत्र्याची पेटी बसवून देऊ का? अण्णांचा हात जाणार नाही."

मी हो म्हणणार होते. पण आवळलेल्या स्क्रूंचे ते दिवस आठवले, खण उपसणारे अण्णा आठवले. पेटी बसवली की मशीन वाचेल आणि अण्णा रोज संध्याकाळी तो ठोकळा शोधत फिरतील. आणि अण्णांसाठीच तर मशीन आणलं ना?

भागीरथी आली. पत्रिका झाली नाही हे सांगायला तोंड उघडलं आणि सगळंच सांगून बसले. ती म्हणाली, "आमचे सासूचा पन असाच झालेला. घरान बसून घरची वाट इचारायची. आमी तिला नाय म्हनून सांगायचो, ती रराची, डोले पुसत बसाची. मग आमी हो म्हनायला लागलो." थोड्या वेळाने म्हणाली, "पत्रिका आठ दिवसान दे. जनीची हलद कय पलून जात नाय."

आता दादा. त्याला सांगितलं नाही तर हे असंच चालेल, दिवाळीपर्यंत तरी. सांगितलं तर तो अण्णांना उद्याच घेऊन जाईल. आठवडाभर लपवायचा विचार केला. मग गुरुदत्तचं बोलणं आठवलं, पुढे ढकललं तर चांगलंही गुपचूप खराब होत जातं. संध्याकाळी दादाला फोन लावला आणि सांगितलं. त्याने अण्णा जेवतात किती, झोपतात किती ते विचारलं. मग म्हणाला, "पुढच्या रविवारी येतो. अण्णांचे कपडे भरून ठेव."

मंगळवार, ६ ऑक्टोबर

नवी रीत सुरू केली. उजेड मऊ व्हायला लागला की मीच फाइली सेव्ह करते, मशीन रीतसर बंद करते आणि हाक मारते, "अण्णा, काम झालं. पुसून घेता?" ते फडकं घेऊन येतात. मी लॉक काढून हातात देते. ते पुसतात, मी शेजारी बसते, मग लावून टाकते. तेवढ्यात निवांत अंधार पडतो. संध्याकाळची कामं जातात, जाऊ देत. अण्णा काल जेवताना बोलले. खण उपसले नाहीत. जनीची पत्रिका पुन्हा जुळवून झाली, बटर पेपर ऑफसेटवाल्याकडे गेला.

कधी मला शीला म्हणतात, कधी हेमा. दोन्हीला ओ देते. कपडे भरलेले नाहीत.

रविवार, ११ ऑक्टोबर

दादा दुपारी आला. इस्त्रीचा पांढरा शर्ट, हातात रिकामी बॅग. अण्णा झोपले होते. आम्ही मागे बसून हळू आवाजात भांडलो. तो म्हणाला, "तू एकटी किती दिवस करणार? गाळ्याला गिऱ्हाईक आहे. आमच्याकडे बाई ठेवता येईल, डॉक्टर खालीच आहे." यातलं काहीही चुकीचं नव्हतं, म्हणून मला जास्त राग आला. मी म्हटलं, "संध्याकाळपर्यंत थांब. मग ने."

उजेड उतरला. मशीन बंद केलं, हाक मारली. अण्णा फडकं घेऊन आले आणि दादाला बघून थांबले.

"अण्णा, मी," दादा हसून म्हणाला.

"असं होय. नवीन का?" अण्णांनी त्याला वरपासून खालपर्यंत बघितलं. "मग उभा काय राहिलास? घे." आणि फडकं त्याच्या हातात दिलं.

दादाने माझ्याकडे बघितलं. मी लॉक काढून त्याच्या दुसऱ्या हातात ठेवला. त्याला कसं धरायचं तेही कळेना. अण्णांनी त्याची बोटं धरून नीट बसवली. "दाबू नकोस. अलगद. कोपऱ्यातून बाहेर. हां, असं. नाव काय तुझं?"

"हरिहर."

"अरे वा! माझ्या मुलाचं नाव." अण्णांचा चेहरा उजळला. "हुशार आहे फार. पहिला येतो. त्याला नाही मी या कामाला लावणार. इथे एकदा शाई लागली की नखातून निघत नाही. त्याचे हात स्वच्छ राहिले पाहिजेत, बस्स. मग मी कितीही वेळ मशीन मारीन."

दादा पुसत राहिला. पुसून झालं होतं तरी पुसत राहिला. फडक्यातली जुनी काळी शाई रॉकेलने सुटून त्याच्या बोटांना लागली, मनगटाला लागली, शर्टाच्या बाहीला लागली. अण्णांनी लॉक घेतला, खिडकीतल्या उरल्यासुरल्या उजेडाकडे धरला, डोळा बारीक करून बघितला.

"जमेल तुला," म्हणाले. "उद्या ये."

दादा मोरीत हात धुवायला गेला. बराच वेळ झाला तरी नळाचा आवाज येईना, म्हणून साबण घेऊन मागे गेले. नळ बंदच होता. तो नुसता आपल्या हातांकडे बघत उभा होता. मी साबण पुढे केला, त्याने घेतला नाही.

"गाळ्याचं राहू दे, हेमे," म्हणाला. मग बाही वर सारून, "उद्या किती वाजता येऊ?"

म्हटलं, दिवेलागणीच्या थोडं आधी ये.